रीयूजेबल नोटबुक की साधी वही-पेन? विकत घेण्याआधी हे वाचा

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. बाबांचं छोटंसं ऑपरेशन झालं होतं आणि नागपूरच्या एका हॉस्पिटलमधून त्यांना डिस्चार्ज मिळत होता. निघताना डॉक्टरांनी बऱ्याच गोष्टी तोंडीच सांगितल्या. कोणती गोळी किती दिवसांनी अर्धी करायची, टाके ओले झाले तर काय करायचं, ताप किती चढला की लगेच यायचं. मी ते सगळं माझ्या नव्याकोऱ्या रीयूजेबल नोटबुकमध्ये लिहून घेतलं. आई-बाबांना ऑटोत बसवलं, वही स्कूटरच्या डिक्कीत टाकली आणि औषधं, बँक अशी दोन-तीन कामं उरकत फिरलो. स्कूटर तीन तास भर उन्हात उभी होती.

घरी येऊन वही उघडली तर पान कोरं. एक अक्षर नाही. आई विचारतेय, "अरे, डॉक्टर काय म्हणाले ते लिहून घेतलंस ना?" आणि मी पांढऱ्या पानाकडे बघत उभा.

ती वही मी एका ऑनलाइन दुकानातून घेतली होती आणि वहीत काहीच बिघाड नव्हता. ती जशी चालायला हवी तशीच चालली होती. ती कशी चालते हे मलाच नीट माहीत नव्हतं. म्हणून हा लेख. रीयूजेबल नोटबुक घ्यावी की साधी वही-पेन बरी, हा प्रश्न तुमच्याही मनात असेल, तर आधी ही वस्तू समजून घेऊया आणि मग ठरवूया.

रीयूजेबल नोटबुक म्हणजे नेमकं काय?

सोपं उत्तर द्यायचं तर पाटी. आपल्या आजी-आजोबांनी शाळेत जी दगडी पाटी वापरली, तीच कल्पना. लिहा, ओल्या फडक्याने पुसा, पुन्हा लिहा. फरक एवढाच की पाटीवरचं पुसलं की ते संपलं. इथे पुसण्याआधी मोबाइलने पानाचा फोटो काढून तो जपून ठेवायचा असतो.

बाजारात या नावाखाली वेगवेगळ्या वस्तू मिळतात. त्यांची गल्लत करू नका.

१. ओल्या फडक्याने पुसायची वही. हिची पानं कागदाची नसून प्लास्टिकच्या जातीची, म्हणजे पॉलिएस्टरची असतात. हात लावला तर गुळगुळीत लागतात. यातलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे अमेरिकेतली रॉकेटबुक. विशेष म्हणजे २०२० मध्ये ही कंपनी विकत घेतली ती बिकने, म्हणजे जगभर बॉलपेन विकणाऱ्या कंपनीने.

२. उष्णतेने पुसायची वही. रॉकेटबुकचंच 'वेव्ह' नावाचं मॉडेल असं होतं. वही चक्क मायक्रोवेव्हमध्ये ठेवायची, वर पाण्याचा कप ठेवायचा आणि शाई गायब. पण हे साधारण पाच वेळाच करता येतं.

३. व्हाइटबोर्ड वही. मार्करने लिहायचं, कोरड्या कापडाने पुसायचं. कच्च्या गणितासाठी छान. मात्र पान बोटाला घासलं तरी पुसलं जातं, त्यामुळे बॅगेत टाकून फिरायला निरुपयोगी.

४. एलसीडी रायटिंग पॅड. लहान मुलांच्या हातात दिसते ती 'डिजिटल पाटी'. बटण दाबलं की सगळं एकदम साफ. साध्या पॅडमध्ये काहीच सेव्ह होत नाही.

रीमार्केबल किंवा किंडल स्क्राइबसारखे ई-इंक टॅबलेट हा वेगळा विषय आहे. ती वही नसून बॅटरीवर चालणारं उपकरण आहे आणि किंमतही त्याच हिशोबाची असते. या लेखात आपण मुख्यतः पहिल्या प्रकाराबद्दल बोलतोय, कारण 'रीयूजेबल नोटबुक' म्हणून साधारणपणे तीच घेतली जाते.

शाई जाते कुठे?

या वह्यांवर कुठलंही पेन चालत नाही. साध्या बॉलपेनची शाई तेलकट असते. ती पॉलिएस्टरच्या पानावर लागली तर ओल्या फडक्याला दाद देत नाही आणि ते पान कायमचं डागाळतं. म्हणून सोबत खास पेन येतं. जपानच्या पायलट कंपनीचं फ्रिक्शन हे त्यातलं सगळ्यात माहितीतलं. फ्रिक्शन म्हणजे घर्षण, आणि नावातच सगळं आलं.

या पेनाच्या शाईत तीन गोष्टी एकत्र असतात. एक रंग देणारा पदार्थ, दुसरा त्याचा रंग उघड करणारा पदार्थ आणि तिसरा तापमानावर लक्ष ठेवणारा. तापमान साधारण ६० अंश सेल्सिअसवर गेलं की हा तिसरा पदार्थ पहिल्या दोघांची जोडी तोडतो आणि शाई रंगहीन होते. पेनाच्या टोकाचं रबर साध्या कागदावर घासलं की लिहिलेलं 'खोडलं' जातं ते यामुळेच. रबर शाई खरवडून काढत नाही, घासून फक्त गरम करतं.

आता माझ्या कोऱ्या पानाचं कोडं सुटतं. नागपूरचा मे महिना, काळ्या सीटची स्कूटर, बंद डिक्की आणि खाली तापलेलं इंजिन. तिथे ६० अंश व्हायला कितीसा वेळ लागणार? काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या कारच्या डॅशबोर्डवरही हेच होऊ शकतं.

गंमत अशी की ही क्रिया उलटही होते. तापमान उणे १० अंशांच्या खाली न्यायला लागलं की रंग परत यायला लागतो. घरच्या फ्रीझरमध्ये साधारण उणे १८ अंश असतात. मी हे त्या संध्याकाळी मोबाइलवर शोधून वाचलं आणि वही मटारच्या पिशवीशेजारी रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवली. सकाळी अक्षरं परत आली होती, पण फिकट. एका ठिकाणी ५ आहे की ६ तेच कळेना. गोळ्यांच्या बाबतीत अंदाज कसा करणार? शेवटी हॉस्पिटलला फोन करून सगळं पुन्हा विचारलंच.

इथे एक बारीक फरक लक्षात ठेवा. उष्णतेने शाई 'दिसेनाशी' होते, ती पानावरच असते. ओल्या फडक्याने पुसली तर ती पानावरून निघूनच जाते, मग फ्रीझर काहीही करू शकत नाही.

पाणी, घाम आणि पाऊस

रीयूजेबल वहीची पानं पाण्याने फाटत नाहीत, पण त्यावरची शाई पाण्याने जाते. साध्या वहीचं बरोबर उलटं आहे. कागद भिजून लगदा होईल, पण बॉलपेनने लिहिलेलं बहुतेक वेळा वाचता येतं. जुलैमध्ये लोकलने किंवा एसटीने कॉलेजला जाणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

शिवाय शाई वाळायला थोडा वेळ लागतो. कागद शाई शोषून घेतो, प्लास्टिक घेत नाही. पंधरा-वीस सेकंद हात लावायचा नाही. भरभर डिक्टेशन घेताना हे जमत नाही. डावखुऱ्यांचा हात तर लिहिलेल्या ओळीवरूनच पुढे सरकतो, त्यामुळे त्यांना हा त्रास जास्त. आणि मुंबई-कोकणातल्या घामट दिवसांत तळहात ओला असला की तोच ओल्या फडक्याचं काम करतो.

स्कॅन हाच खरा मुद्दा

जाहिरातीत वही दिसते. प्रत्यक्षात तुमच्या नोट्स राहतात त्या मोबाइलमध्ये आणि क्लाउडमध्ये. वही फक्त मधलं स्टेशन.

रॉकेटबुकच्या पानावर खाली एक क्यूआर कोड आणि सात छोटी चिन्हं असतात. रॉकेट, हिरा, सफरचंद, घंटा वगैरे. ॲपमध्ये एकदा ठरवून द्यायचं की हिऱ्यावर खूण केली तर पान गूगल ड्राइव्हच्या अमुक फोल्डरमध्ये जावं, घंटेवर केली तर ईमेलवर. मग पान लिहून झालं की चिन्हावर टिक करायची आणि कॅमेरा धरायचा. सोय खरंच चांगली आहे.

पण आता एक गोष्ट सांगतो जी विकणारे ठळकपणे सांगत नाहीत. स्कॅन करायला रीयूजेबल वही लागतच नाही. गूगल ड्राइव्ह ॲपमध्ये स्कॅनची सोय आहे, आयफोनच्या नोट्स ॲपमध्ये आहे. तुमच्या साध्या वहीचं पानही तेवढंच स्वच्छ स्कॅन होतं. कॅमस्कॅनर पूर्वी अनेकांच्या फोनमध्ये असायचं; जून २०२० मध्ये भारत सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये तेही होतं, पण आता त्यावाचून काही अडत नाही.

म्हणजे 'नोट्स डिजिटल होतात' हा फायदा दोन्हीकडे आहे. फरक असा की साध्या वहीत स्कॅन करणं ऐच्छिक आहे आणि रीयूजेबल वहीत सक्तीचं. साध्या वहीत स्कॅन करायला विसरलात तर मूळ पान शिल्लक असतं. रीयूजेबल वहीत विसरून पुसलंत तर विषय संपला.

स्कॅन केल्यावरही दोन-तीन गोष्टी बघा.

• फाइलला नाव द्या. 'स्कॅन_००४७' नावाच्या दोनशे फाइल म्हणजे रद्दीचा गठ्ठाच, फक्त मोबाइलमधला. हस्ताक्षर ओळखून मजकूर शोधण्याची सोय काही ॲपमध्ये असते, पण माझ्या देवनागरी अक्षरापुढे ती वारंवार हात टेकते. म्हणून मी नाव हाताने टाइप करतो: तारीख, विषय, पान क्रमांक.

• जागा बघा. गूगलची मोफत जागा १५ जीबी असते आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. लग्नाच्या व्हिडिओंनी ती आधीच भरलेली असेल तर नवीन स्कॅन अपलोडच होणार नाही. अपलोड झालंय का ते बघितल्याशिवाय पान पुसू नका.

• खातं जिवंत ठेवा. नोट्ससाठी वेगळं गूगल खातं उघडून विसरून गेलात तर? सलग दोन वर्षं न वापरलेलं खातं आणि त्यातली माहिती गूगल काढून टाकू शकतं, असं त्यांचं धोरण आहे.

हाताने लिहिलेलं लक्षात राहतं, मग फरक कुठे पडतो?

"हाताने लिहिलं की चांगलं लक्षात राहतं" हे तुम्ही ऐकलं असेल. यामागे अनेकदा २०१४ मधल्या एका संशोधनाचा हवाला दिला जातो. पॅम म्युलर आणि डॅनियल ओपेनहायमर या अमेरिकी संशोधकांनी काही विद्यार्थ्यांना लॅपटॉपवर आणि काहींना हाताने नोट्स घ्यायला लावल्या. लॅपटॉपवाले ऐकलेलं शब्दशः टाइप करत सुटले. हाताने लिहिणाऱ्यांचा वेग कमी, त्यामुळे त्यांना निवडून, स्वतःच्या शब्दांत लिहावं लागलं. समज तपासणाऱ्या प्रश्नांत हाताने लिहिणारे पुढे होते. पुढे २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी हाच प्रयोग पुन्हा केला तेव्हा फरक इतका स्पष्ट दिसला नाही. म्हणजे हा काही दगडावरची रेघ असलेला नियम नाही.

पण आपल्या प्रश्नासाठी महत्त्वाचं हे की तुलना हात विरुद्ध कीबोर्ड अशी होती. रीयूजेबल वहीतही तुम्ही हातानेच लिहिता. त्यामुळे जो काही फायदा असेल तो दोन्ही वह्यांत सारखाच. या मुद्द्यावर कोणी तुम्हाला एक वही विकत असेल तर फसू नका.

फरक पडतो तो पुन्हा वाचण्यात. साधी वही टेबलावर पडलेली असते, जाता-येता उघडली जाते. क्लाउडमधलं पान मुद्दाम उघडावं लागतं, आणि ते उघडायला मोबाइल हातात घेतला की आधी व्हॉट्सॲप, मग रील्स, मग अर्धा तास गायब. हे मी तुम्हाला सांगायला नको.

खर्चाचा हिशोब

माझ्या वहीचा हिशोब मांडतो. वही आणि पेन मिळून १,२०० रुपये. ४० पानी. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात जवळपास त्याच आकाराची २०० पानी वही ८० रुपयांना मिळते. म्हणजे १,२०० रुपयांत अशा १५ वह्या, एकूण ३,००० पानं.

तेवढी पानं रीयूजेबल वहीत लिहायची तर ती ७५ वेळा पूर्ण भरून पुसावी लागेल. दर आठवड्याला एकदा पूर्ण भरली तरी जवळपास दीड वर्षं. आणि खास पेनाच्या रिफिलचा खर्च वेगळाच, जो साध्या बॉलपेनपेक्षा बराच जास्त असतो.

रोज पाच-सहा पानं लिहिणाऱ्याला ही वही कधीतरी परवडेल. आठवड्यातून दोन पानं लिहिणाऱ्याला ती पैसे वाचवायला म्हणून घेण्यात काही अर्थ नाही. तुमच्याकडचे भाव घालून हाच हिशोब दोन मिनिटांत करून बघा.

पर्यावरणाचंही असंच. कागद वाचतो हे खरं, पण पॉलिएस्टरची पानं, प्लास्टिकचं पेन, रिफिल हे सगळं कुठेतरी जाणारच. भरलेली वही रद्दीवाला वजनावर घेऊन जातो आणि तिचा पुन्हा कागद होतो. रीयूजेबल वही कोणी रद्दीत घेत नाही. ती खूप वेळा आणि खूप वर्षं वापरली तरच तिचा फायदा. ड्रॉवरमध्ये पडून राहिली तर साधी वही परवडली.

मग कोणी काय घ्यावं?

रीयूजेबल वही यासाठी चांगली:

• कच्चं काम. गणितं सोडवणं, आकृत्या, कोडिंगचं लॉजिक कागदावर मांडणं.
• रोजची कामांची यादी, मीटिंगचे मुद्दे. ज्यांची किंमत आठवडाभराची असते.
• पाठांतरासाठी पुन्हा पुन्हा लिहून बघणं. सूत्रं, स्पेलिंग, नकाशे.
• ज्यांना नोट्स लगेच ग्रुपवर पाठवायच्या असतात आणि स्कॅन करायची शिस्त खरोखर आहे असे लोक.

साधी वही-पेनच हवी अशी कामं:

• परीक्षा. पुसता येणारं पेन उत्तरपत्रिकेत वापरूच नका. गठ्ठा कुठल्या गाडीत, कुठल्या उन्हात जाईल तुम्हाला काय माहीत?
• उत्तर लिहिण्याचा सराव. राज्यसेवा मुख्य परीक्षेसाठी एमपीएससीने २०२५ पासून वर्णनात्मक पद्धत आणायचं ठरवलं. सराव त्याच कागदावर आणि त्याच पेनाने हवा ज्याने परीक्षेत लिहायचंय. गुळगुळीत पानावर हाताचा वेग आणि अक्षर दोन्ही बदलतं.
• फॉर्म, चेक, करारनामा, पावती, पाकिटावरचा पत्ता. सही असलेल्या कुठल्याही कागदावर पुसणारी शाई नको. चुकून गरम झालं तर सही गायब, आणि कोणी मुद्दाम पुसलं तर त्याहून वाईट.
• डायरी, आजीच्या हाताच्या पाककृती, घराचा हिशोब. जे दहा वर्षांनी उघडून बघावंसं वाटेल ते.
• औषधं, डोस, डॉक्टरांच्या सूचना. याचा अनुभव मी वर सांगितलाच.

अजून ठरत नसेल तर लिहायला बसताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: "हे पान उद्या कोरं झालं तर माझं काय अडेल?" काहीच अडणार नसेल तर रीयूजेबल वही. थोडंसं जरी अडणार असेल तर कागद. दोन वह्यांमधली निवड ही खरं तर काय पुसायचं आणि काय जपायचं याची निवड आहे, आणि ती तुमच्याऐवजी कुठलंही ॲप करू शकत नाही.

घेतलीच असेल तर हे पाळा

• सोबत आलेलं किंवा कंपनीने सांगितलेलंच पेन वापरा. घरात कोणी चुकून बॉलपेन टेकवणार नाही हे बघा. पेन वहीलाच अडकवून ठेवा.
• पान लिहून झालं की तिथेच स्कॅन. "घरी गेल्यावर करू" म्हणालात की राहिलं.
• स्कॅन उघडून, झूम करून वाचा. मगच पुसा.
• लिहिलेलं महिनोन्महिने ठेवू नका. जुनी शाई पानात मुरते आणि पुसली तरी पुसट सावली राहते.
• पुसल्यावर कोरड्या कापडानेही पुसा. ओलसर पानावर लिहिलं की शाई पसरते.
• उन्हात, गाडीत, डिक्कीत, लॅपटॉपच्या गरम बाजूला ठेवू नका. चुकून अक्षरं गेलीच तर पुसू नका. कोरड्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि अक्षरं दिसायला लागताच फोटो काढा.

मी काय करतो?

माझी रीयूजेबल वही अजून टेबलावर आहे. लेखांचे मुद्दे, कामांची यादी, कच्चे आराखडे त्यातच करतो. शनिवारी सगळी पानं स्कॅन करून पुसतो आणि सोमवारी पाटी कोरी. हे मला आवडतं.

पण खिशात आता दहा रुपयांची छोटी वही आणि एक बॉलपेन असतं. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी त्यात लिहिलं, आणि घरी आल्यावर त्या पानाचा फोटो काढून आईच्या आणि ताईच्या मोबाइलवर पाठवला. वही फ्रिजवर ठेवलीय. आता फ्रीझरमध्ये ठेवायची वेळ येत नाही.